पूल वरून जाईल, खालच्या बाजाराचे काय?

पुणे-सोलापूर महामार्गावर हडपसर ते यवत असा सहापदरी उन्नत मार्ग उभारण्यास राज्य शासनाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारे ५,२०० कोटी रुपयांचा आहे. तिकडे पुणे-शिरूर रस्त्यासाठीही तशीच योजना असून तिचा आकडा ७,५०० कोटींच्या घरात जातो. म्हणजे दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत पुण्याचा माल ज्या वाटांनी येतो, त्या दोन्ही वाटा आता खांबांवर चढणार. पूल हवा की रस्ता रुंद हवा, टोल असावा की नसावा, श्रेय कुणाचे आणि उशीर कुणामुळे, यावर पुढाऱ्यांची जुंपली आहे. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारीत नाही. तो आम्ही विचारू इच्छितो: पुलाखाली जे दुकान राहणार, त्याचे काय?

वाहतुकीची कोंडी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. लोणी काळभोर, थेऊर फाटा, उरुळी कांचन आणि यवत ही नावे घेतली की टेम्पोवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, कांद्याच्या गाड्या आणि पुण्यात नोकरीला जाणाऱ्यांच्या मोटारी एकाच रस्त्यावर येतात. याची किंमत छोटा व्यापारी मोजतो. टेम्पोवाला भाडे किलोमीटरवर नव्हे, खेपेवर सांगतो. दिवसाला दोन खेपा होत होत्या तिथे एकच होऊ लागली, की बुडालेल्या खेपेचे पैसेही आमच्याच भाड्यात येतात. मोठा व्यापारी भरलेला ट्रक मागवतो, त्याला नगामागे खर्च कमी पडतो. दोन गाठी कापड आणणाऱ्याला तो जड जातो. लग्नसराईत बस्ता बांधायला आलेले कुटुंब मालाची वाट पाहत बसत नाही. ते सरळ पुणे गाठते. ईदच्या आधीच्या दहा दिवसांत उशिरा आलेला माल म्हणजे वर्षभर फडताळात पडून राहणारा माल.

तेव्हा रस्ता सुधारावा, पूल व्हावा, यात दुमत नाही. पण पूल कुणासाठी होतो हेही पाहिले पाहिजे. १९९५ ते १९९९ या काळातील युती सरकारने, नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना, मुंबईत उड्डाणपुलांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याच मालिकेतला जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये महंमद अली रोडवरून सुरू झाला. त्याला कुतुब-ए-कोकण हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचे नाव देण्यात आले. मोटारीवाले भायखळ्याच्या बाजूने चढतात आणि क्रॉफर्ड मार्केटपलीकडे उतरतात. २०१० पासून या पुलावर दुचाकींना बंदी आहे. हातगाडी तर कधीच वर जाणार नव्हती. खाली मात्र तोच बाजार, तेच हमाल, त्याच हातगाड्या आणि तीच कोंडी. नाव वलीचे मिळाले, पण खालच्या दुकानदाराला त्याने काय दिले, हे त्या रस्त्यावरून माल उचलणाऱ्या कुणालाही विचारावे.

पुण्याचाही दाखला आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तो मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला. त्या जागी नवा दुमजली पूल येईपर्यंत तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षे पत्रे आणि खड्डे सोसले. आमच्या महामार्गावर काम सुरू झाले, की दुकानांसमोर असेच पत्रे उभे राहतील. पत्र्यामागचे दुकान गिऱ्हाइकाला दिसत नाही. भाडे आणि वीजबिल मात्र दर महिन्याला दिसतेच.

शहराच्या बाजारात आणि हमरस्त्यावरच्या बाजारात एक फरक आहे. शहरातले गिऱ्हाईक ठरवून येते, हमरस्त्यावरचे थांबून येते. टायर-पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, गादीवाला, रजई पिंजणारा, शिंपी, फळगाडी आणि बेकरी यांची रोजी थांबणाऱ्या माणसावर चालते. यांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत ते सांगायला नको. वाहन डोक्यावरून निघून गेले की ही रोजी त्याच्याबरोबर निघून जाते. आम्ही केडगावकर यवतच्या पुढे आहोत, म्हणून निश्चिंत राहावे असेही नाही. वरून वेगाने आलेली वाहने यवतला खाली उतरतील आणि पुढच्या चौफुल्यावर येतील. तिथे शिरूर-न्हावऱ्याकडून केडगावमार्गे येणारा आणि सुपे-मोरगावकडे जाणारा रस्ता महामार्गाला छेदतो. एका ठिकाणची कोंडी सोडवून ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे म्हणजे उपाय नव्हे.

आता कायद्याचे बोलू. रस्त्यासाठी जमीन गेली की सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो, भाडेकरू दुकानदार हात हलवीत घरी जातो, असा सर्वांचा समज आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा तसे म्हणत नाही. ज्याची स्वतःची जमीन नाही, पण जो भाडेकरू किंवा कारागीर आहे, अथवा संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करीत आहे आणि ज्याची मुख्य रोजी संपादनाने बुडते, त्याचे कुटुंबही या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ धरले आहे. विस्थापित झालेल्या कारागिराला व छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी किमान २५,००० रुपये देण्याची तरतूद त्यात आहे. मोबदला व पुनर्वसनाच्या या तरतुदी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या भूसंपादनालाही लागू आहेत. पंचवीस हजारांत आज दुकानाची मांडणीही होत नाही, हे खरे. पण हक हा हक आहे, आणि ज्याचे नाव यादीत लागते त्यालाच पुढे वाढवून मागता येते.

आपले लोक अडतात ते इथेच. भाडे रोख, पावती नाही. गाळा भावाच्या नावावर, वीजमीटर मालकाच्या नावावर, धंदा मुलाच्या नावावर. मोजणीवाला आला की सांगायला तोंड आहे, दाखवायला कागद नाही. म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक दुकानदाराने व कारागिराने आजच भाडेकरार किंवा भाडेपावती, गुमास्ता नोंद, उद्यम नोंदणी, वीजबिल आणि मालाची जुनी बिले एका फाइलीत लावावीत. तीन वर्षांचा पुरावा एका रात्रीत तयार होत नाही. आणि ज्याचे दुकान आधीपासूनच शासनाच्या जागेत आहे, त्याच्या बाबतीत संपादनाचा प्रश्नच येत नाही, थेट अतिक्रमणाची नोटीस येते. त्याने आतापासूनच दुसरा गाळा पाहून ठेवावा.

शासनाकडे मागायच्या गोष्टीही साध्या आहेत. प्रत्येक गावाला खालून दोन्ही बाजूंना सेवा रस्ता आणि पायी व हातगाडीने पलीकडे जाता येईल असा भुयारी मार्ग असावा. माल उतरवण्यासाठी टेम्पोला राखीव जागा असावी. काम टप्प्याटप्प्याने व्हावे, सगळ्या बाजारपेठा एकाच वेळी पत्र्यांमागे जाऊ नयेत. टोल लागणार असेल तर स्थानिक मालवाहू टेम्पोला सवलत मिळावी. कवडीपाट आणि कासुर्डीच्या नाक्यांवर २०१९ पर्यंत आपण टोल भरला आहे. या मागण्या एकट्या मुसलमानाच्या नाहीत. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी लोणी काळभोर, यवत आणि वरवंडला मुक्काम करीत याच वाटेने पायी जाते. वारकरीही खालूनच चालणार आहे.

रेल्वेचा विसर पडू नये. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाले. दिवसभर ठरावीक अंतराने धावणारी लोकल मिळावी, ही प्रवाशांची मागणी त्याहून जुनी आहे. नोकरदार गाडीत बसला तर तितक्या मोटारी रस्त्यावरून कमी होतील आणि आमच्या टेम्पोला वाट मिळेल. पण स्वस्तातल्या कामाला आपल्याकडे मुहूर्त उशिरा लागतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकातील अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने नवा पूल बांधून फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला केला. जे काही महिन्यांत होण्यासारखे होते, त्यासाठी तेवीस जनाजे आणि अंत्ययात्रा निघाव्या लागल्या.

शेवटी थोडे आपल्याविषयी. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी रस्त्याचा हक अदा करण्याची ताकीद दिली आहे आणि रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची शाखा म्हटली आहे. आपण मात्र दुकानाचा अर्धा माल पायरीबाहेर मांडतो, गिऱ्हाइकाची मोटारसायकल रस्त्यावर लावून घेतो आणि टेम्पो भर दुपारी मधोमध उभा करून गाठी उतरवतो. ज्याने रस्त्याचा हक दिला नाही, त्याने रस्त्याकडे आपला हक कोणत्या तोंडाने मागावा? दुकान आत घ्यावे, माल सकाळी लवकर उतरवावा आणि मग ताठ मानेने निवेदन द्यावे.

हे निवेदन एकट्या जमातीच्या नावाने नको. गावातील सर्व व्यापाऱ्यांनी मिळून, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून, प्रांत कार्यालयात द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. खांब उभे राहिल्यावर केलेली तक्रार ऐकायला कुणी थांबत नाही. नकाशा कागदावर आहे तोवरच त्यात सेवा रस्त्याची रेघ ओढता येते.