खारीचं पिल्लू सापडलं? दुधाची वाटी आधी बाजूला ठेवा

पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या बाभळी छाटायला घेतल्या, तारांखालचे लिंब उतरवले, की आपल्या अंकुशनगर भागात कुणी ना कुणी खारीचं पिल्लू रुमालात गुंडाळून आणतंच. सोबत एक वाक्य ठरलेलं, "अनाथ आहे हो, वाचवा." माझं मत जरा कडू लागेल. यातली बरीच पिल्लं अनाथ नसतात. आपण उचलून घरी नेतो, तेव्हा ती अनाथ होतात.

घरटं पडलं तर खार पळून जाते, पण लांब जात नाही. फांदीवर बसून चिर्रर्र-चिर्रर्र ओरडत असते. माणसं, कुत्री हटली की खाली येते, पिल्लू तोंडात धरते आणि दुसऱ्या घरट्यात नेऊन ठेवते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही ऐकीव गोष्ट आहे, खरी नाही. म्हणून पिल्लू जखमी नसेल तर उथळ खोक्यात सुती कापड घालून त्याच झाडाच्या बुंध्याला, सावलीत ठेवा. मांजर आणि कावळा येणार नाही एवढ्या नजरेत ठेवा, पण लांबून. तिथंच उभं राहून मोबाईलवर शूटिंग करत बसलात तर ती उतरणार नाही. खार दिवसा फिरणारी आहे. अंधार पडेपर्यंत आली नाही तर पिल्लू रात्री घरात ऊबेला घ्या आणि उजाडताच परत तिथंच ठेवून बघा.

खरे अनाथ वेगळे. भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांनी जी वन्यप्राण्यांची पिल्लं वाढवली, त्यातल्या कितीतरी पिल्लांच्या आया शिकारीत मेल्या होत्या. आई समोर मेलेली दिसते, तेव्हा माणसानं हात घालणं बरोबरच आहे. पण त्याचा दाखला देऊन छाटणीत पडलेलं पिल्लू घरी पाळणं, हे काही पटत नाही.

आता आई खरंच मेली असेल तर. आधी ऊब, मग पाणी, दूध सगळ्यात शेवटी. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळा आणि शेजारी ठेवा. अंग कोमट लागलं की मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, वासराची बघतो तशी. उभीच राहिली तर पाणी कमी झालंय. ओआरएसचं कोमट पाणी थेंबाथेंबानं द्या. गाई-म्हशीच्या दुधानं हगवण लागते, आणि एवढ्याशा जीवाला एक दिवसाची हगवण पुरते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्या-मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा. ती मिळेपर्यंत शेळीचं दूध त्यातल्या त्यात बरं.

पाजायला सुई काढलेली १ मिलीची सिरिंज. पिल्लू पालथं, डोकं थोडं वर. लेकरासारखं उताणं धरून पाजलं की दूध नाकातून फुफ्फुसात जातं. बरीच पिल्लं भुकेनं नाही, त्यानंच जातात. एका वेळी वजनाच्या साधारण पाच टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली. (सोनाराचा काटा इथं कामी येतो, हसू नका.) डोळे मिटलेले असतील तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कापसानं खालचा भाग हलका पुसा. आई चाटून लघवी करवते, ते काम आता तुमचं.

एवढं झेपणार नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. झेपणार असलं तरी करा, कारण खार हा वन्यजीव आहे, पिंजऱ्यात ठेवायचा नाही. पोरांच्या खिशात बसणारी, हातावर शेंगदाणे खाणारी खार व्हिडिओत गोड दिसते. पण तिला मांजराची भीती शिकवणारं कुणी नसतं. डोळे उघडले, स्वतः खायला लागली, की हाताळणं कमी करायचं आणि पिंजरा झाडाला टांगून हळूहळू मोकळी सोडायची.

"ठिबकच्या नळ्या कुरतडते तिला वाचवायचं कशाला?" असं विचारणारे आहेत, आणि प्रश्न चुकीचा नाही. भर उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेत लॅटरलला भोकं पडली की डोकं फिरतंच. भाषणात मात्र सगळेच खारीचा वाटा उचलतात! पण ती नळीत पाणी शोधते. ओळीच्या कडेला, झाडाखाली दोन-चार परळ भरून ठेवलेत तर हा त्रास बराच कमी होतो. झिंक फॉस्फाईडचं आमिष उघड्यावर टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ते उंदरांसाठी आहे, चालू बिळात टाकून वरून माती लोटायची. उघडं पडलेलं आमिष दिवसा खार खाते, पक्षी खातात, आणि तुमच्या लिंबावरच्या घरट्यात तीन पिल्लं तशीच राहतात.

छाटणीआधी फांदी खालून नीट बघा. कापूस, सुतळी, काथ्याचा गोळा दिसला तर तेवढी फांदी अडीच-तीन महिने राहू द्या. मोटारीच्या स्टार्टर पेटीतही घरटं सापडतं, तेव्हा बरेच दिवस बंद असलेली पेटी मेन स्विच पाडून, उघडून बघा, मगच मोटार चालू करा.