शेवटच्या फेरीत दम का उखडतो?

पहाटे पाचला हिंगोलीतून औंढ्याच्या किंवा सेनगावच्या रस्त्याला लागले की कडेकडेने धावणारी पोरे-पोरी भेटतातच. ऑगस्ट 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोलीस दलातील सुमारे 15 हजार पदांच्या भरतीला मंजुरी दिली आणि या धावण्याला तारखेची घाईही आली. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. राज्य राखीव पोलीस बलासाठी, ज्याचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच आहे, थेट 5 किलोमीटर. काही सेकंदांच्या फरकाने गुण जातात, आणि गुणांबरोबर वर्षही जाते.

या घाईत एक नवी बाजारपेठ उभी राहिली आहे. तोंडावर बांधायचे काळे मास्क, ओढायच्या नळ्या, 'फुफ्फुसांची ताकद दुप्पट करा' अशा जाहिराती. शेतमजुराच्या घरातला मुलगाही त्यासाठी हजार-दोन हजार खर्च करायला तयार होतो. म्हणून यात तथ्य किती, हे पाहायला हवे.

तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगतात ते नाही. फुफ्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. ती भात्यासारखी उघडतात-मिटतात ती श्वासपटलामुळे आणि बरगड्यांमधल्या स्नायूंमुळे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जीव तोडून धावणारा तरुण शंभर लिटरच्या पुढे जातो. एवढा भाता हलवायलाही रक्त लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हा हिशेब मांडला. कमाल श्रमाच्या वेळी हृदयाने फेकलेल्या रक्तापैकी सुमारे 14 ते 16 टक्के एकट्या श्वासाच्या स्नायूंकडे जाते. हे स्नायू थकले की शरीर आधी त्यांना जगवते आणि पायांकडच्या रक्तवाहिन्या आवळते. चौथ्या फेरीत 'पाय जड झाले' असे पोरे म्हणतात, त्यामागचे एक कारण छातीत असते ते असे.

मग दंडाच्या स्नायूंसारखा या स्नायूंनाही व्यायाम देता येईल का? येतो. त्याचे उपकरण म्हणजे स्प्रिंगची झडप असलेली नळी. ठरावीक जोर लावल्याशिवाय झडप उघडत नाही आणि हवा आत येत नाही. जास्तीत जास्त जेवढा जोर लागतो त्याच्या साधारण निम्म्यावर झडप लावायची, सकाळी 30 आणि संध्याकाळी 30 श्वास, चार ते सहा आठवडे. श्वासाचे स्नायू बळकट होतात, याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: वेळ कमी होते का? काही अभ्यासांत दोन ते चार टक्के सुधारणा दिसली, काहींत काहीच नाही. जवळजवळ बिनजोराची बनावट नळी दिलेले खेळाडूही थोडे सुधारतात, म्हणजे मनाचाही त्यात वाटा आहे. 2012 मध्ये 46 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कमी तंदुरुस्त माणसांना फायदा जास्त असे दिसले. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ती मर्यादा मात्र या व्यायामाने फारशी हलत नाही.

साडेपाच मिनिटांच्या धावेत दोन टक्के म्हणजे साडेसहा सेकंद. भरतीत हे थोडे नाही. पण ते मिळतील याची हमी नाही, आणि जो आठवड्यातून दोनदाच धावतो त्याला तेवढे सेकंद नुसत्या नियमित सरावाने, फुकट मिळतात.

मास्कची गोष्ट वेगळी. डोंगरावर हवा विरळ असते, प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते. मास्क फक्त नाक-तोंडाशी अडथळा करतो. मराठवाड्याचाच अविनाश साबळे उंचावर जाऊन सराव करतो; काळे फडके बांधून हिंगोलीचे कोलोरॅडो होत नाही. कोविडच्या काळात घराघरांत आलेले तीन चेंडूंचे यंत्रही यासाठी नव्हे. ते शस्त्रक्रियेनंतर किंवा न्यूमोनियात फुफ्फुसांचे कोपरे उघडायला आहे. स्नायूंवर ठरावीक भार ते टाकत नाही. प्राणायामाने श्वास संथ होतो, मन स्थिरावते, धावण्याआधी ते चांगलेच. पण त्यातही झडपेसारखा भार नाही.

गंमत अशी, की या नळीचा विचार मैदानावरच्या पोरांपेक्षा ओट्यावर बसलेल्या त्यांच्या आजोबांसाठी करावा असे दिसते. कोलोरॅडो विद्यापीठाने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात 50 ते 79 वयाच्या 36 जणांपैकी निम्म्यांनी दिवसाला जोराचे 30 श्वास, आठवड्यातून सहा दिवस घेतले. सहा आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी 9 अंकांनी उतरला. गोळी बंद करण्याइतका हा पुरावा नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

पोरींच्या बाबतीत अडचण बहुधा भात्याची नसतेच, रक्ताची असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन 9 असलेल्या मुलीने छातीचे स्नायू कितीही बळकट केले तरी हवेतला प्राणवायू पायापर्यंत वाहून न्यायला गाडीच अपुरी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात, पैसे न देता. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर नव्हे, तिच्या तीन महिने आधी जायला हवे; रक्त भरून यायला तेवढा वेळ लागतो.

आणि धाप सगळी सारखी नसते. धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छातीत शिट्टी वाजणे, खोकला सुटणे हा दमा असू शकतो. हळद पॉलिश करतानाच्या धुळीत काम करणाऱ्यांनी तर हे विशेष पाहावे. धावताना छातीत कळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर नळी बाजूला ठेवून आधी हृदयाचा आलेख काढावा. भरतीच्या मैदानावर उमेदवार कोसळून दगावल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत.