आंबोलीत रूम बुक करण्याआधी हे वाचा

पहिला पाऊस झाला की गडहिंग्लजातल्या आम्हा पत्रकारांचे फोन वाजायला लागतात. "आंबोलीत चांगली रूम बघ ना. दरीचा व्ह्यू पाहिजे, आणि रेट जरा बोलून घे." रेट बोलून घ्यायला माझी काही हरकत नाही. पण आजवर एकानंही विचारलेलं नाही, की त्या लॉजचं सांडपाणी कुठं जातं.

मी विचारतो, कारण हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि आजरा ओलांडून आमच्या गावाला येते. आमच्या नळाचं पाणी तिचंच. तुमची ती दोन दिवसांची ट्रिप असते, आमची ती रोजची घागर आहे.

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. पाऊस वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग घाट चढतात आणि थेट झाडीत शिरतात. पुस्तकी व्याख्येनं याला मेघवन म्हणता येणार नाही, त्याला ढग जवळपास बारमाही लागतात आणि आपल्याकडे ते चार महिनेच मुक्कामाला असतात. पण त्या चार महिन्यांत खोडाखोडावर शेवाळ चढतं, फांद्यांवर आमरी फुलतात आणि कपडे म्हणाल तर आठवडाभर वाळत नाहीत. आंबोली-दोडामार्गचं सुमारे ५७ चौरस किलोमीटर जंगल आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय. राखीवची हद्द मात्र नकाशावर असते. बेडकाला ती कोण दाखवणार?

बेडकाचं मुद्दाम काढतोय. आंबोली टोड नावाचा एक इवलासा भेक इथल्या जांभ्या सड्यावर राहतो. शास्त्रानं त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली २००९ साली. आंबोली परिसर सोडला तर तो फार कुठं नाही, आणि जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात कातळाच्या खळग्यांत वीतभरही पाणी नसतं, तिथं मादी अंडी घालते. नेमके तेच दिवस आपल्या पहिल्या पावसाच्या ट्रिपचे. रात्री घाटरस्त्यावर किती चिरडले जातात हे सकाळी लवकर चालत गेलात तर दिसतं. आठ वाजेपर्यंत कावळे आणि टायर मिळून रस्ता साफ करतात.

गेल्या पावसाळ्यात मी दोन ठिकाणी एकेक रात्र राहिलो. पहिलं मोठं. जंगलाकडे तोंड करून दोन फ्लडलाईट, रात्रभर चालू. खाली पतंगांचा खच. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, पब्लिकला अंधाराची भीती वाटते." खोटं बोलत नव्हता बिचारा. किचनमागून एक पाइप निघून ओहोळात सोडलेला, त्याचं मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं एका गावकऱ्याचं घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या. नऊला बाहेरचे दिवे बंद. जेवायला कुळथाची पिठी, भात आणि तळलेला सुका बांगडा. मग त्यांच्या मुलानं एक टॉर्च घेऊन आम्हाला डबक्याकाठी नेलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. पोरगं हे आपल्या वासराबद्दल सांगावं तसं सांगत होतं. "दादा, टॉर्च त्याच्यावर जास्त वेळ नको," हेही त्यानंच सांगितलं. त्या मोठ्या लॉजच्या निम्म्याहून कमी पैसे झाले.

मग असल्या घरगुती खोल्या जास्त का नाहीत? इथं खरी मेख आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांचा कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न सिंधुदुर्गात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' लागलं आणि पिढ्यानपिढ्या कसणारा माणूस कागदावर कुणीच उरला नाही. घोषणा किती झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय. स्वतःच्या नावाचा सातबारा नाही म्हणजे बँकेचं कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे दोन खोल्या बांधून शोषखड्डा काढायलाही हातात पैसा नाही. बाहेरून भांडवल घेऊन येणाऱ्याला कर्जाची गरजच नसते. जंगलाशी ज्याचं नातं आहे तो त्या लॉजवर वेटर, आणि ज्याचं नाही तो गल्ल्यावर. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार म्हणतात तो हाच असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

लॉज नकोत असं मी म्हणत नाही. आंबोलीत माणसं यावीत, राहावीत. धबधब्याखाली बाटल्या फोडून संध्याकाळी परत जाणाऱ्यांपेक्षा दोन रात्री राहणारा पाहुणा केव्हाही बरा. पण जमिनीच्या वाटपाचं घोडं आधी पुढं सरकवा. सांडपाण्याची टाकी प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय ग्रामपंचायतीनं कुणालाही ना हरकत दाखला देऊ नये. जंगलाकडचे दिवे दहाला बंद. आणि जूनच्या पहिल्या पावसात रात्री घाटात गाड्यांचा वेग खरोखर कमी ठेवणारी माणसं उभी करा, नुसता फलक नको.

तुम्ही येणार असाल तर उजेडी पोचा. आणि बुकिंग करताना फोनवर विचारा, सांडपाणी कुठं सोडता? पहिली चार-पाच जणं विचारतील तेव्हा मॅनेजर हसेल. पन्नास जणांनी विचारलं तर मालकाला फोन करेल.