कर भरताना रहिवासी, हक्क मागताना परका

अमेरिकेत व्हिसावर नोकरी करणाऱ्या भारतीय अभियंत्याच्या पगारातून तेथील सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो. परंतु दहा वर्षांची वर्गणी पुरी होण्यापूर्वीच तो मायदेशी परतला, तर त्या पैशाचा लाभ त्याच्या पदरात पडत नाही. हा अन्याय आहे, आणि नवी दिल्लीचे सरकार त्याबद्दल वॉशिंग्टनशी वर्षानुवर्षे बोलणी करीत आले आहे, ते योग्यच आहे. पण रायपूर, महासमुंद वा बलौदाबाजार जिल्ह्यातून नागपूर-मुंबईच्या बांधकामांवर जाणाऱ्या मजुराच्या वतीने बोलणी कोणी आणि कोणाशी करावयाची? त्याला व्हिसा लागत नाही. घटनेच्या १९व्या कलमाने त्याला देशात कोठेही जाण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा अधिकार दिलेला आहे. तरीही राज्याची वेस ओलांडताच कर भरण्यापुरता तो तेथील रहिवासी ठरतो आणि हक्क मागताना परका!

प्रथम कराचेच पाहू. प्राप्तिकर केंद्राचा असल्याने राज्य बदलल्याने त्यात फरक पडत नाही, आणि मजुराची मिळकत बहुधा तेथवर पोचतही नाही. म्हणून तो कर भरत नाही असा जो समज सुशिक्षित वर्गात पसरलेला आहे, तो मात्र धादांत खोटा आहे. २०१७पासूनच्या वस्तू व सेवा कराची रचनाच अशी आहे की, माल जेथे खपतो त्या राज्याच्या तिजोरीत राज्याचा वाटा पडतो. छत्तीसगडी मजुराने नागपुरात घेतलेल्या साबणाचा आणि चपलेचा कर महाराष्ट्राला मिळतो. जो कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, त्याचा व्यवसाय करही कापला जातो. महाराष्ट्रात मासिक साडेसात हजार रुपयांवर वेतन असलेल्या पुरुष कामगाराला तो लागू होतो. वर्षाला २,५०० रुपये ही त्याची घटनेने घातलेली कमाल मर्यादा आहे. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. त्या पैशाने ग्रामीण महाराष्ट्रातील भूमिहीनांच्या हाताला काम मिळाले याचे कोणत्याही कामगाराला वैषम्य वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या घामाचा वाटा त्यात आहे, त्याला ‘आमच्या राज्यावरचा भार’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तपासावा.

कायदाच नव्हता असेही नाही. ओडिशातील ‘दादन’ मजुरांच्या पिळवणुकीचा बोभाटा झाल्यावर संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला. पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगार नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना, प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक, जाण्यायेण्याचे भाडे, मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता, आणि कामाच्या ठिकाणी निवारा, असे सर्व त्यात होते. प्रत्यक्षात मुकादमाने घरी येऊन उचल द्यायची, आणि पासबुकाऐवजी उचलीचा आकडा स्वतःच्या वहीत मांडून ठेवायचा, हीच वहिवाट चालू राहिली.

त्याची किंमत २०२०मध्ये मोजावी लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते छत्तीसगडला लागून असलेल्या शहडोल-उमरिया भागातले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितले की, टाळेबंदीत किती स्थलांतरित दगावले याची माहिती उपलब्ध नाही. नोंदी ठेवा असे सांगणारा कायदा त्या दिवशी ४१ वर्षांचा होता!

आता तो कायदाच राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रम संहितेत पाचाची मर्यादा दहावर नेली आहे आणि विस्थापन भत्ता गाळून टाकला आहे. ठेकेदाराविना स्वतःहून आलेला कामगारही व्याख्येत आला, वर्षातून एकदा प्रवासभाड्याची तरतूद झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मोठ्या ठेक्याचे सहा-सात मजुरांच्या टोळ्यांत तुकडे पाडणे मुकादमांना शिकवावे लागत नाही.

रेशनचे उदाहरण वेगळे नाही. कोणत्याही राज्यात धान्य देणाऱ्या देशव्यापी शिधापत्रिका योजनेत छत्तीसगड सामील झाले ते फेब्रुवारी २०२२मध्ये, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती ते पायी घरी पोचल्यावर. शिवाय त्या पत्रिकेवर परराज्यात मिळतो तो केवळ केंद्राचा कोटा; छत्तीसगडने २०१२च्या आपल्या कायद्याने दिलेला वाढीव तांदूळ सीमेवरच थांबतो.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न तर रायपूरच्या मराठी वस्त्यांनाही भिडतो. एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात दिला. त्यामुळे कचेरीत १० ऑगस्ट १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आता गंमत अशी की, त्या दिवशी रायपूर आणि भंडारा एकाच मध्य प्रदेशात होते व राजधानी नागपूर होती! विदर्भ वेगळा झाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. १९५३मध्ये भंडाऱ्याहून रायपुरास आलेल्या कुटुंबाने कोणतीही सीमा ओलांडली नाही. सीमाच त्याच्या अंगावरून गेली. त्याच्या नातवाला मात्र तीन पिढ्यांच्या कागदांसाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात.

रायपूर केवळ मजूर पाठवत नाही, मजूर घेतेही. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या भट्ट्यांवर आणि रोलिंग मिलमध्ये बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राबतात. नागपुरात छत्तीसगडी मजुराच्या वाट्याला येते तेच त्यांच्या वाट्याला येथे येते: ठेकेदाराच्या खोलीचा पत्ता ना शिधापत्रिकेवर, ना मतदारयादीत. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा नेहमीच्या वास्तव्याला मतदार मानतो, जन्मगावाला नव्हे. तेव्हा सिलतऱ्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्याचे नाव तेथील यादीत घालण्यास नवा कायदा नको. भट्टीच्या फाटकावरच शिबिर भरवून हे अर्ज भरून घेता येतील, आणि त्याच टेबलावर प्रत्येक टोळीतील माणसांची मोजणीही करून ठेवता येईल, म्हणजे दहाच्या आत दाखवलेला आकडा निरीक्षकापुढे टिकणार नाही.