पारपत्रावरील शिक्का आणि घामाचा हिशेब

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाने एक निर्णय जाहीर केला. ज्या नागरिकांना परदेशी नोकरीस जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते, त्यांची पारपत्रे यापुढे नारिंगी वेष्टनात दिली जातील, असा तो निर्णय होता. ही परवानगी कोणास घ्यावी लागते? मुख्यतः जो दहावी उत्तीर्ण नाही आणि ज्याची मिळकत प्राप्तिकर भरण्याइतकी नाही, त्यास. म्हणजे शिकलेल्याचे पारपत्र निळे आणि न शिकलेल्याचे नारिंगी! विमानतळावरील रांगेत गवंडी कोण आणि व्यवस्थापक कोण, हे दुरूनच कळावे, अशी ही व्यवस्था होती. केरळपासून सर्वत्र त्याविरुद्ध संताप उसळला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. रंग गेला. परंतु त्या रंगामागचा वर्गीय दृष्टिकोन मात्र जागच्या जागी राहिला आहे.

हा दृष्टिकोन असा की, परदेशी जाणाऱ्या श्रमिकाचे दैन्य हे त्याच्या ‘अपुऱ्या पात्रते’चे फळ आहे. तो शिकला नाही म्हणून दलालाच्या तावडीत सापडला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून करारावर डोळे झाकून अंगठा उठवला. कसब नाही म्हणून पगार कमी मिळाला. दोष त्याचा, आणि सरकार मात्र दयाळू पालक. या भ्रमाचा निरास करणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न, पात्रता अपुरी कोणी ठेवली? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. त्यानंतर केंद्रात अनेक सरकारे आली नि गेली. सहा टक्क्यांची ती मजल आजतागायत गाठली गेलेली नाही. शाळेच्या दारातून ज्या मुलाला मजुरीकडे वळावे लागले, तोच वीस वर्षांनी पारपत्र कार्यालयात उभा राहिला की त्याच्या पारपत्रावर ‘परवानगी आवश्यक’ अशी नोंद होते. राज्यकर्त्या वर्गाच्या नाकर्तेपणाचा शिक्का कामगाराच्या कपाळी बसतो.

दुसरा प्रश्न, तो खरोखरच अकुशल आहे काय? ज्याने पंधरा वर्षे ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या, ज्याला सळई वाकवताना नकाशाकडे पुन्हा पाहावे लागत नाही, जो उन्हातान्हात चौदाव्या मजल्यावर परांची बांधतो, त्याच्याजवळ कसब आहे. नाही तो केवळ कागद. मुंबईतील भरती दलालांच्या कचेऱ्यांत घेतल्या जाणाऱ्या कामाच्या चाचणीत याच कसबाची कसून परीक्षा होते. विटेचा थर सरळ आला नाही तर उमेदवार नापास. चाचणी कुशल कारागिराची आणि पगार मात्र कागद नसलेल्या मजुराचा, हेच या व्यापाराचे मर्म आहे. प्रमाणपत्राचा अभाव ही कामगाराची उणीव नसून मालकाची बचत आहे.

या व्यापाराला मोठा इतिहास आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी नवे हात हवे होते. १८३४ पासून करारबद्ध भारतीय मजुरांची जहाजे मॉरिशसकडे जाऊ लागली. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. पुढे ही जहाजे त्रिनिदाद, गयाना, फिजीपर्यंत गेली. मजुरांच्या संरक्षणासाठी म्हणून वसाहतवादी सरकारने एक अधिकारीही नेमला; त्याचे नाव ‘स्थलांतरितांचा संरक्षक’. देशात उठलेल्या प्रचंड विरोधामुळे १९१७ मध्ये ही भरती थांबली. पण १९८३ च्या स्थलांतर कायद्याने ज्या अधिकाऱ्याच्या हाती परवानगी सोपवली, त्याचे पदनाम तेच राहिले. नाव जुने, आणि संरक्षणाचा प्रकारही पुष्कळसा जुनाच.

१९७० नंतरच्या दशकात तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत रस्ते, बंदरे, शहरे उभी राहू लागली. केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान येथून, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातून आणि गोव्यातून लक्षावधी श्रमिक तिकडे गेले. १९८३ चा कायदा त्यांच्यासाठीच झाला. पश्चिम आशियातील, आफ्रिकेतील व आग्नेय आशियातील मिळून अठरा देशांत नोकरीस जायचे असल्यास दहावी न झालेल्याने आधी परवानगी घ्यावी, दलालामार्फत जायचे तर तो नोंदणीकृतच असावा, आणि दलालाने तीस हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक शुल्क घेऊ नये, असे नियम आहेत. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचा विमाही सक्तीचा आहे. कागदावर हे सारे ठीकच आहे.

प्रत्यक्षात काय घडते? नोंदणीकृत दलाल शहरात बसतो. गावात फिरतो तो त्याचा बिननोंदीचा हस्तक. तीस हजारांची मर्यादा कागदावरच राहते आणि तिच्या कितीतरी पट रक्कम पावतीविना घेतली जाते. ती उभी करण्यासाठी बायकोच्या अंगावरचे सोने जाते, शेत गहाण पडते, सावकाराचे व्याज सुरू होते. परवानगीची कटकट नको म्हणून अनेकांना पर्यटक म्हणून विमानात बसवले जाते. अशा वेळी ना करार नोंदला जातो, ना विमा उतरवला जातो. तेथे पोहोचल्यावर दुसराच करार पुढे येतो. मूळ करारातील सुतार तेथे हमाल होतो. पारपत्र मालकाच्या तिजोरीत जाते. कर्ज फिटेपर्यंत परतण्याची सोय नाही आणि मालकाच्या संमतीवाचून दुसरी नोकरी धरण्याची वर्षानुवर्षे मुभा नव्हती. या पद्धतीस तिकडे ‘कफाला’ म्हणतात. काम सोडून गेलेला मजूर ‘फरार’ ठरतो. पगार बुडवणारा मालक मात्र फरार ठरत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘संरक्षण’ म्हणजे मनाईच. अशा पारपत्रधारक स्त्रीला तीस वर्षांच्या आत या देशांत नोकरीस जाण्याची परवानगी नाही आणि घरकामासाठीची भरती २०१६ पासून सरकारी संस्थांकडेच सोपवलेली आहे. हेतू चांगला असेल. परंतु गावात काम नाही आणि घरात चूल पेटवायची आहे, तेथे बंदीने स्थलांतर थांबत नाही. ते फक्त चोरवाटेने होते आणि चोरवाटेवरच्या स्त्रीला दूतावासाचे दार सर्वांत दूर असते.

सरकार या श्रमिकांकडे कोणत्या नजरेने पाहते, याचा पुरावा २०२० साली मिळाला. महासाथीत हजारो कामगार थकलेल्या वेतनावर पाणी सोडून रिकाम्या हाताने परतत होते. नेमक्या त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने आखाती देशांतील नोकऱ्यांसाठी स्वतःच ठरवलेले किमान वेतन तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत खाली आणले. नोकऱ्या टिकाव्यात, असे कारण देण्यात आले. बाजारात माल उठत नसेल तर भाव उतरवावा, हा तो न्याय. फरक इतकाच की येथे माल म्हणजे माणूस होता. आखाती कामगारांच्या संघटनेने तेलंगणा उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर जुलै २०२१ मध्ये जुने दर पूर्ववत झाले. मधल्या काळात कमी दराने झालेल्या करारांची भरपाई कोण करणार?

या श्रमावर देशाची केवढी मदार आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांवरून दिसते. २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. वस्तुव्यापारातील तुटीच्या जवळजवळ निम्मी रक्कम यातून भरून निघाली. अमेरिकेसारख्या देशांतील सुशिक्षितांचा वाटा त्यात वाढला आहे, हे खरे. तरीही सहा आखाती देशांचा वाटा ३७.९ टक्के होता. परकीय चलनाची गंगाजळी दाखवून मंत्री पाठ थोपटून घेतात, तेव्हा त्या गंगाजळीत मिसळलेल्या घामाचा उल्लेख कोणी करत नाही.

घामाचाच नव्हे, रक्ताचाही. १२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली. एकाच इमारतीत दाटीवाटीने दीडशेहून अधिक माणसे कोंबलेली होती. पंचेचाळीस भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांत केरळचे सर्वाधिक होते. वायुदलाच्या विमानाने शवपेट्या कोचीला आल्या, शोकसंदेश निघाले, मदत जाहीर झाली. इमारतींच्या मालकांची हाव या घटनेस कारणीभूत आहे, असे कुवेतच्या उपपंतप्रधानांनाच म्हणावे लागले. पण आपला नागरिक कोठे राहतो, एका खोलीत किती खाटा आहेत, हे आगीपूर्वी पाहण्याची जबाबदारी भारत सरकारची नव्हती काय?

याहून घातक खेळ इस्रायलच्या बाबतीत खेळला गेला. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी बांधकाम कामगारांचे परवाने बंद केले आणि बांधकामे ओस पडली. गाझावर बॉम्ब पडत असताना, त्या रिकाम्या जागांवर भारतीय श्रमिक पाठवण्याची तयारी सरकारने दाखवली. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौ येथे चाचण्या झाल्या. थंडीत हजारो तरुण रांगेत उभे राहिले, त्यांत पदवीधरही होते. महिना सव्वा लाखाहून अधिक पगाराचे आमिष होते. देशातील केंद्रीय कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच या कराराला संयुक्तपणे विरोध केला होता. रांगेतील तरुण दोषी नाही; भूक त्याला तेथे घेऊन आली. एका पीडित राष्ट्राच्या कामगाराची भाकरी हिसकावण्यासाठी दुसऱ्या देशातील बेरोजगाराचा उपयोग करणे, ही साम्राज्यवादाची जुनी रीत आहे. त्या रीतीला भारत सरकारने हातभार लावावा, ही शरमेची बाब आहे.

ज्यांना कोणताच अधिकृत मार्ग नाही, ते जंगले तुडवत, लक्षावधी रुपये दलालांना मोजून अमेरिकेच्या सीमेवर पोहोचतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातकड्या व बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. पंजाब, हरियाणा आणि ‘विकासाचा आदर्श’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या गुजरातचे लोक त्यांत मोठ्या संख्येने होते. तिघे महाराष्ट्राचे होते. आदर्श राज्यातून माणसे शेत विकून का पळतात, या प्रश्नाला सत्ताधाऱ्यांजवळ उत्तर नाही.

मग मार्ग कोणता? स्थलांतराला विरोध करणे हा कामगार चळवळीचा मार्ग नव्हे. काम शोधत सीमा ओलांडण्याचा हक्क श्रमिकाला आहे. भांडवल तर रोजच ती ओलांडते. प्रश्न आहे तो तेथे हक्कांसह जाण्याचा, आणि नाइलाज म्हणून जावे न लागण्याचा. लढ्याने फरक पडतो, याचे उदाहरण कतारने दिले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेतील कामगार प्रतिनिधींनी २०१४ मध्ये कतारविरुद्ध तक्रार दाखल केली. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने जगाचे लक्ष तेथे वळले होते. जगभरच्या बांधकाम कामगार संघटनांनी दबाव टिकवून धरला. परिणामी २०२० मध्ये नोकरी बदलण्यास मालकाच्या संमतीची अट रद्द करणारा कायदा झाला आणि मार्च २०२१ पासून सर्व राष्ट्रीयत्वांच्या कामगारांस मासिक एक हजार रियालचे किमान वेतन लागू झाले. अंमलबजावणीतील उणिवा पुष्कळ आहेत, आणि संघटना स्थापण्याचा हक्क तेथील परदेशी कामगाराला तेव्हाही मिळाला नाही. तरीही जे मिळाले ते शेखांच्या औदार्याने मिळालेले नाही.

देशातही पर्याय आहेत. केरळने १९७७ मध्येच परदेशी नोकरीसाठी सरकारी भरती संस्था उभारली आणि पुढे परतलेल्या प्रवासी कामगारांसाठी कल्याण मंडळ व निवृत्तिवेतनाची योजना केली. केरळला जे जमले ते इतर राज्यांना न जमण्याचे कारण निधीची टंचाई नव्हे. ज्यांच्यासाठी हे करायचे ते संघटित नाहीत, हे कारण आहे.

१९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. अशा कोणत्याही कायद्याची कसोटी स्पष्ट आहे. भरतीचा संपूर्ण खर्च कामगाराने नव्हे, मालकाने सोसला पाहिजे. हस्तकाने केलेल्या फसवणुकीस मुख्य दलाल व परदेशी मालक जबाबदार धरला पाहिजे. करार कामगाराच्या मातृभाषेत हवा आणि प्रस्थानापूर्वी त्याच्या हाती पडला पाहिजे. त्याच्या कसबाची सरकारी चाचणी होऊन त्याला विनामूल्य प्रमाणपत्र मिळाले पाहिजे, म्हणजे ‘अकुशल’ हा शब्द पगार कापण्याची सबब उरणार नाही. थकलेले वेतन परतल्यानंतरही वसूल करता येण्याची यंत्रणा हवी. निर्णय घेणाऱ्या मंडळांवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी हवेत. आणि स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार भारताने मान्य केला पाहिजे. ज्या देशाचे नागरिक सर्वाधिक संख्येने परदेशी आहेत, त्याने हा करार अद्याप स्वीकारलेला नसावा, ही विसंगती अक्षम्य आहे.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. त्यासाठी कार्यकर्त्यांना मोर्च्याआधी गावात जावे लागेल. ज्या घरातून कोणी परदेशी जाणार आहे तेथे दलालाचा हस्तक पोहोचण्यापूर्वी संघटनेचा माणूस पोहोचला पाहिजे. नोंदणी तपासली पाहिजे, कराराची प्रत घरी ठेवून घेतली पाहिजे, दिलेल्या पैशाची पावती मागण्यास शिकवले पाहिजे. परतून आलेला कामगार हा तर या कामाचा सर्वोत्तम शिक्षक. बांधकाम, वाहतूक, घरकाम या क्षेत्रांतील संघटनांनी त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी, त्यांना सभासद करून घ्यावे आणि पुढे जाणाऱ्यांशी त्यांची गाठ घालून द्यावी.

नारिंगी पारपत्र एका महिन्यात मागे घ्यावे लागले, कारण अपमान सर्वांना दिसला. सावकाराचे व्याज, बदललेला करार, मालकाच्या तिजोरीतील पारपत्र हे अपमान दिसत नाहीत म्हणून टिकून आहेत. ते दिसतील असे करणे, आणि ज्याच्या माथी ‘अपात्र’ हा शब्द मारला गेला त्यालाच लढ्याचा कर्ता बनवणे, हे श्रमिकांच्या चळवळीचे कर्तव्य आहे. जगातील शहरे ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांची पात्रता ठरवण्याचा अधिकार त्या शहरांच्या मालकांना नाही.