आयाळ कुणी ओवायची?

‘बसल्या बसल्या होईल’ हे वाक्य आपल्या घरांतून एकदाचं हद्दपार करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. धाकट्याला काठीचा घोडा हवा असतो. जुन्या मोज्यात कापूस कोंबून डोकं तयार होतं. घरातला कुणी बाप्या झाडूचा दांडा खोचून देतो आणि आपण केवढं काम केलं म्हणून चहा मागतो. राहते ती आयाळ. मग उरल्यासुरल्या लोकरीची पिशवी येते थोरल्या मुलीच्या मांडीवर. “आक्का, एवढं करून टाक ग. टीव्ही बघत बसल्या बसल्या होईल.”

काय होतं बसल्या बसल्या, त्याचा हिशेब मांडू या. 15 सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर लोकरीचे 160 वेढे घ्यायचे आणि एका कडेनं कापायचे. 30 सेंटिमीटरचे 160 धागे मिळतात, म्हणजे 48 मीटर लोकर झाली. चार-चार धाग्यांचा झुपका घ्यायचा आणि दुमडायचा. मानेवरच्या कापडाचा चिमूटभर पदर धरून क्रोशाची सुई त्यातून आरपार काढायची, झुपक्याचा मधला फेरा ओढून घ्यायचा, सगळी टोकं त्या फेऱ्यातून काढून आवळायची. ही झाली एक गाठ. दर दीड सेंटिमीटरला एक धरली तर 30 सेंटिमीटरच्या मानेवर एका ओळीत 20, आणि दाट दिसायला दोन ओळी हव्यात, म्हणजे 40 गाठी. एका गाठीला दोन मिनिटं लागली तर 80 मिनिटं नुसत्या गाठींची. वेढे घेणं, कापणं, टोकं सारखी करणं आणि कपाळावरची झुलपं धरली की दोन तास गेलेच. या दोन तासांना आपण ‘बसणं’ म्हणतो!

“एवढं कशाला? गोंदानं चिकटव की,” असं म्हणणारेही असतात. त्यांनी मूल घोड्यावर बसलेलं नीट पाहिलेलं नसतं. मूल लगाम सोडून आयाळच धरतं. चिकटवलेली पट्टी अशा ओढाताणीत सुटून हातात येते. गाठीचं उलटं असतं, टोकं ओढावीत तशी ती अधिकच आवळते. हे पोरीला ठाऊक असतं, म्हणून ती गाठ मारते. याला अक्कल लागते, पण आपण तिला ‘आवड’ म्हणून मोकळे होतो.

बरं, घोडा तयार झाला. बसतो कोण? धाकटा. तो अंगणभर टापा वाजवत फिरतो आणि आक्का सतरंजीवरचे लोकरीचे तुकडे गोळा करते.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात ही गोष्ट जास्तच बोचते. कित्तूर इथून लांब नाही. 1824 साली कंपनी सरकारच्या फौजेशी लढलेल्या राणी चन्नम्मांचे घोड्यावरचे पुतळे आपण पाहतो, हार घालतो. झाशीच्या राणीवर पोरींकडून भाषणं पाठ करून घेतो. भाषण संपलं की पोरगी खाली बसून आयाळ ओवते, आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

फिनलंड देशात काठीच्या घोड्यावरून अडथळ्यांच्या उड्या मारण्याचा रीतसर खेळ आहे, आणि तो खेळतात मुख्यतः किशोरवयीन मुली. राष्ट्रीय स्पर्धा होतात. सेल्मा विल्हुनेन या दिग्दर्शिकेनं 2017 साली त्यांच्यावर माहितीपट काढला. या मुलींची कमी टिंगल झाली नाही. घोड्या झालात तरी काठीवर बसता, म्हणून हसणारे तिथंही आहेतच. पण त्यांतल्या कितीतरी जणी घोड्याचं डोकं स्वतः शिवतात, आयाळ स्वतः लावतात आणि त्याच घोड्यावरून उडी मारतात. म्हणून ‘सुईदोरा म्हणजे गुलामगिरी, फेकून द्या’ म्हणणाऱ्या शहाण्या बायांशीही माझं भांडण आहे. सुईनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. एकीनं ओवायचं आणि दुसऱ्यानं बसायचं, ही वाटणी वाईट.

“पण आम्हाला आवडतं करायला,” असं तुमच्यातली एखादी म्हणेल. आवडू दे की, मलाही आवडतं. पण मुलाला कधी कुणी विचारलंय का, तुला गाठ मारायला आवडेल का म्हणून? सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातात जाड सुई दिली की दहाव्या गाठीपर्यंत त्याला जमायला लागतं. वाकडी येईल, येऊ दे. घोडा त्याचाच आहे ना?

तेव्हा वहिनी, काकू, मावश्यांनो, पुढच्या वेळी लोकरीची पिशवी निघेल तेव्हा ती दोघांच्या मध्ये ठेवा. एक ओळ त्याची, एक तिची. आणि महिला मंडळात मुलांच्या स्पर्धा घ्याल तेव्हा ‘मुलींसाठी सजावट, मुलांसाठी शर्यत’ असा फलक लावू नका. जिनं 40 गाठी मारल्या, तिचा घोडा आधी पळू दे.