सरकारचा दिवाणी वकील

सरकारी वकील म्हटला की सामान्य माणसाच्या दृष्टीसमोर खुनाचा खटला उभा राहतो. परंतु दिवाणी न्यायालयात सरकारची बाजू चालविणारा वकील निराळा. भूसंपादनाचा मोबदला, कंत्राटदाराचे अडलेले देयक, निवृत्त नोकराचे वेतन, असल्या दाव्यांत तो बहुधा प्रतिवादीच्या बाजूस उभा असतो. घरातील एखादा कायद्याचा विद्यार्थी हा मार्ग धरू म्हणेल, तर वडीलधारी मंडळी मिळकत किती, हे प्रथम विचारतील. ते योग्यच होय. मला मात्र त्यास दुसरेच विचारावेसे वाटते : बाबा रे, ज्याचे घेणे खरे आहे अशा माणसाला तू हरविशील काय?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. १९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरचा एक सराफ सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला गेला असता पोलिसांनी त्यास संशयावरून पकडले व माल जप्त केला. पुढे तो सुटला, चांदीही परत मिळाली. पण शंभर तोळ्यांहून अधिक असलेले सोने ठाण्यातल्या हेड कॉन्स्टेबलानेच लांबविले आणि तो पाकिस्तानात पळून गेला! सराफाने सरकारवर अकरा हजारांवर रकमेचा दावा लावला. खालच्या कोर्टात तो जिंकला, उच्च न्यायालयात हरला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानेही, पोलिसांची हयगय मान्य करून, जप्ती हे सार्वभौम सत्तेचे कार्य असल्यामुळे सरकार भरपाईस बांधलेले नाही, असा निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, संस्कृतविद्येच्या घराण्यातले. ही स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने कायदा करावा, असे त्यांनी त्याच निकालात नमूद केले. सरकारी वकील जिंकला खरा. पण त्या रात्री त्यास झोप कशी लागली असेल?

गौतमाचे धर्मसूत्र याबाबत किती सरळ आहे पाहा. चोरीस गेलेले धन राजाने चोरांकडून मिळवून मालकास पोचवावे. न साधल्यास स्वतःच्या कोशातून द्यावे. येथे तर चोर राजाचाच सेवक होता.

वकिलाने स्वतःच्या मर्जीने दावा कबूल करावा, असे मात्र मी म्हणत नाही. खजिना त्याचा नव्हे, आणि लबाड दावेही थोडे नसतात. परंतु दिवाणी कार्यसंहितेच्या ८० व्या कलमान्वये सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती कशासाठी? सरकारने विचार करून न्याय्य मागणी कोर्टाबाहेरच पुरवावी, यासाठी. तेथे वकिलाचा अभिप्राय मोलाचा. मुदतीचेही तसेच. पैशाच्या दाव्यास आपणांस बहुधा तीन वर्षे मिळतात. सरकारला, १९६३ च्या कायद्याप्रमाणे, तीस! एवढी सवड असलेल्या पक्षाने गरिबास चार दिवसांच्या उशिराबद्दल अडवावे, हे शोभत नाही. मद्रास बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली, न्याय्य मागणी बुडविण्यासाठी सरकारने मुदतीचा आडोसा घेऊ नये, असेच सुनावले होते.

भरपाईचे विधेयक १९६७ साली लोकसभेत आले, पण कायदा झाला नाही. १९९४ च्या एका निकालाने जुन्या तत्त्वाची धार पुष्कळ बोथट झाली, तरी ते पुरते नाहीसे झालेले नाही. तेव्हा या कामात शिरणाऱ्या मुलाने आरंभीच कलम ८० च्या नोटिसांवर अभिप्राय लिहिण्याचे काम आवर्जून मागून घ्यावे. ते कोणास नको असते, म्हणून सहज मिळेल.